एक आजार, एक पान

डॉक्टर योगिनींनी टेबलाचा खण ओढून निळं पुस्तक बाहेर काढलं, तेव्हा निवृत्तीराव खुर्चीत उगीचच सावरून बसले. शेजारी बसलेल्या केसरबाईंच्या ते लक्षात आलं.

अंबरपेठेतल्या त्या दवाखान्यात नवराबायको त्या आठवड्यात दुसऱ्यांदा आले होते. चार दिवसांपूर्वी आले तेव्हा केसरबाईंचा ताप एकशे तीनच्या पुढे होता, डोळ्यांच्या मागे ठणकत होतं आणि हाडं कुणी पिळून काढल्यासारखी दुखत होती. रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. त्यात नवल नव्हतं. बतुकम्माच्या सणाचे दिवस जवळ आले होते आणि गल्लीतल्या प्रत्येक तिसऱ्या घरात कुणी ना कुणी डेंग्यूने झोपलेलं होतं. आज सकाळी मात्र तापाने पाठ सोडली होती. कपाळ गार होतं. केसरबाई स्वतःच्या पायांनी जिना उतरून रिक्षात बसल्या होत्या.

"प्लेटलेट लाख दहा हजार," डॉक्टर कागद बघून म्हणाल्या. "मागच्या वेळी लाख चाळीस होत्या. थोड्या उतरल्यात, पण लाखाच्या वर आहेत. चालतंय."

मग त्यांनी अंगठ्याने पुस्तकाच्या कडा सोडत सोडत बरोबर हवं ते पान काढलं. पान एकोणसाठ. निवृत्तीरावांना ते उलटं बसूनही ओळखता आलं. डॉक्टरांचं बोट वरून खाली सरकलं. कोणत्या गोळ्या द्यायच्या, कोणत्या अजिबात द्यायच्या नाहीत, दिवसाला पाणी किती, रक्त पुन्हा कधी तपासायचं. बोट तळाशी पोचलं आणि पुस्तक मिटलं. सगळ्याला अर्धं मिनिट लागलं असेल. बाहेर बाकावर तीसेक माणसं ताटकळत होती आणि एक बाळ सारखं रडत होतं.

"तापाची गोळी बंद करा. पाणी, नारळपाणी भरपूर. दोन दिवसांनी प्लेटलेट बघू."

"बास?" निवृत्तीरावांनी विचारलं.

"बास काका. ताप उतरला ना, आता काय टेन्शन." मग त्यांचं लक्ष निवृत्तीरावांच्या नजरेकडे गेलं. "ही किताब बघायलेत का? लई कामाची आहे. एक आजार, एक पान. दुसरं पान उलटायला टाइम कुठं असतो मला."

हे पुस्तक मी केलंय, असं सांगायला निवृत्तीरावांची जीभ वळवळली. पण सत्तरी उलटली तरी चार माणसांत स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की शब्द त्यांच्या ओठांवरच राहायचे.

बाहेर आल्यावर केसरबाई म्हणाल्या, "त्या पुस्तकाकडं असं बघायलते, जशी लेकच सासरी चाललीय."

"हळू बोल."

"हळूच बोलायलेय. अंगात जीव कुठंय मोठ्यानं बोलायला."

पुस्तक खरोखरच निवृत्तीरावांचं होतं, आणि तरी नव्हतं. चौतीस वर्षं ते एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. तिथे त्यांची डॉक्टर नामदेवरावांशी ओळख झाली. नामदेवराव नावाजलेले डॉक्टर. खेड्यापाड्यांत आणि वस्त्यांत दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी त्यांनी इंग्रजीत उपचारांचं एक पुस्तक लिहिलं होतं. पुस्तक चांगलं होतं, पण विटेएवढं जाड. तीन आवृत्त्या निघाल्या, त्या हळूहळू खपल्या. चौथ्या वेळी गौलीगुड्याचे प्रकाशक प्रतापराव म्हणाले, डॉक्टर लोकांना आता वाचायला वेळ नाही, खिशात मावेल असं करा. एका आजाराला एकच पान. एक ओळसुद्धा पुढच्या पानावर जाता कामा नये. नामदेवरावांची नजर तोवर अधू झालेली. त्यांनी नोकरीतून मोकळ्या झालेल्या निवृत्तीरावांना बोलावलं आणि सांगितलं, "काट-छाट तुम्ही करा. तुमचा हात हलका आहे."

आठ महिने निवृत्तीराव काट-छाट करत होते. एकेक पान झालं की नामदेवरावांना वाचून दाखवायचे. ते मान हलवायचे किंवा बोट वर करायचे. दोनशे चाळीस आजार, दोनशे चाळीस पानं. पुस्तकावर आपलं नाव घालू नका, असं निवृत्तीरावांनी प्रतापरावांना स्वतःच सांगितलं. पुस्तक निघालं आणि दोन वर्षांत बरंच खपलंही. नामदेवराव गेल्या वर्षी वारले.

घरी आल्यावर केसरबाई पलंगावर आडव्या झाल्या. निवृत्तीरावांनी त्यांना लिंबाचं सरबत करून दिलं. मुलगा संघपाल आणि सून, दोघं सकाळीच कामावर गेले होते. घर शांत होतं. बऱ्याच दिवसांनी जरा निवांत वाचत बसावं म्हणून निवृत्तीरावांनी चष्मा पुसला.

"पोटात दुखायलंय," केसरबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"इथं, बरगडीच्या खाली. ताप होता तवा नव्हतं. आता कुठनं आलं हे."

निवृत्तीरावांच्या हातातला चष्मा तसाच राहिला. पोटात दुखणं. हे आपण कुठेतरी वाचलंय. नुसतं वाचलं नाही, हाताळलंय. ते आठवायला लागले आणि आठवण जसजशी जवळ आली, तसतसं त्यांना ती नकोशी वाटायला लागली.

छापखान्यातून फोन आला होता. पुस्तक छपाईला जायच्या आदल्या दिवशी. पान एकोणसाठ तीन ओळींनी वाढतंय, म्हणाले. वरच्या चौकटीचा मजकूर मोठा केल्यामुळे खालच्या तीन ओळी बाहेर जातायत. तीन ओळी कमी करा, नाहीतर उद्याचं काम थांबतं. नामदेवरावांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया त्याच दिवशी झाली होती. निवृत्तीरावांनी त्यांच्या घरचा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तीन ओळींसाठी काय त्रास द्यायचा, असं वाटलं. मग त्यांनी पान पुढ्यात घेतलं आणि तीन ओळी शोधल्या. सगळ्या ओळींमध्ये आकडे होते. किती मिलिग्रॅम, किती लिटर, किती तास. आकड्यांना हात लावायची त्यांची हिंमत नव्हती, ते डॉक्टर थोडेच होते. तळाच्या तीन ओळींत मात्र एकही आकडा नव्हता. तिथे नुसतं बोलल्यासारखं काही लिहिलं होतं. डॉक्टरांना हे ठाऊक असणारच, असं म्हणून त्यांनी त्या काढल्या आणि सवयीप्रमाणे जुन्या प्रतीतही तशी खूण केली.

पण काय लिहिलं होतं त्या ओळींत?

ते उठले. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात जुनी तिसरी आवृत्ती होती. गुडघ्यावर बसून ती काढताना त्यांचा श्वास लागला. त्या ओळी आपण काढल्याच नसतील, असं एकदा त्यांना वाटलं. दुसऱ्याच कुठल्या आजाराच्या असतील. म्हातारपणी माणसाला नाही त्या गोष्टी आठवतात. डेंग्यूचं प्रकरण निघालं. ते साडेतीन पानांचं होतं. शेवटी पेन्सिलीने चौकट केलेल्या ओळी होत्या आणि समासात त्यांच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'काढावे'.

त्यांनी त्या वाचल्या. नामदेवरावांनी लिहिलं होतं, की ताप उतरला म्हणजे रोगी बरा झाला असं समजू नका, खरा धोका ताप उतरतानाच सुरू होतो. पुढचे काही दिवस रोग्यावर लक्ष ठेवा. पोटात दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, जीव घाबरा झाला किंवा लघवी कमी झाली, यांतलं एकही दिसलं तर प्लेटलेट कितीही असोत, रुग्णालयात पाठवा.

निवृत्तीराव जमिनीवरच बसून राहिले.

"काय शोधायलेत तिथं?" पलंगावरून आवाज आला.

"काही नाही. तुला उलटी वगैरे होतेय का?"

"मळमळायलंय. सरबतानं असंल."

"लघवी कधी झाली होती?"

"काय विचारायलेत हे? लाज वाटू द्या."

"सांग ना."

"सकाळी. दवाखान्यात जायच्या अगुदर." केसरबाईंनी कूस बदलली, लगेच पुन्हा दुसरी बदलली. "तुम्ही पुस्तकं बघा, मला झोपू द्या."

दीड वाजला होता. दवाखान्याच्या फोनची घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. एक ते सहा दवाखाना बंद. डॉक्टर वरच्या मजल्यावरच राहतात, हे त्यांना माहीत होतं. पण जिन्याच्या दारावर पाटी होती, दुपारी घंटी वाजवू नये. त्यांनी संघपालला फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे. डॉक्टरनं सकाळीच बरं म्हटलंय ना?"

"हो, पण पुस्तकात असं आहे की..."

"बाबा. तुम्ही पुस्तक वाचलं की तुम्हाला सगळ्यांना सगळे रोग दिसतात. मागं मला काय झालं होतं तुमच्या मते, आठवतंय? आईला झोपू द्या. मी सातला येतोच."

फोन ठेवल्यावर निवृत्तीरावांना थोडा वेळ बरं वाटलं. पोरगा म्हणतो ते खोटं नव्हतं. मागे संघपालच्या साध्या डोकेदुखीला त्यांनी काय काय नावं दिली होती. आपण पुस्तकं देणारा-घेणारा माणूस. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिलीय, रक्त पाहिलंय. त्या म्हणतात बरं आहे, तर आपण कोण लागून गेलो?

पण डॉक्टरीणबाईंनी पान पाहून सांगितलं होतं. आणि पान आपण कापलेलं होतं.

ते पलंगाजवळ जाऊन बसले. अडीचला केसरबाईंना उलटी झाली, नुसतं पाणी. पाऊण तासाने पुन्हा. पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "आता मोकळं वाटायलंय." पण मोकळं वाटत असलेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या. त्यांची नजर खोलीत भिरभिरत होती. उशी त्या काढायच्या, परत घ्यायच्या. निवृत्तीरावांनी चादरीखाली हात घालून त्यांच्या पायांना हात लावला. पावलं ओल्या फरशीसारखी गार होती. बाहेर कडक ऊन होतं आणि पंखा तर त्यांनी मघाशीच बंद केला होता.

चेहऱ्यावर भीती दिसू नये म्हणून ते उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले. रुग्णालयात न्यावं, तर तिथे काय सांगायचं? सकाळी डॉक्टरने बरं सांगितलेली बाई मी का आणलीय? आणि काही नसलं तर? सहापर्यंत थांबावं, तर मध्ये अडीच तास होते. घड्याळाचा मिनिटकाटा हलताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच इतका टक लावून पाहिला. मग त्यांनी जुनं पुस्तक पिशवीत घातलं आणि कोपऱ्यावरून रिक्षा बोलावून आणली.

"कुठं?" केसरबाईंनी विचारलं. या वेळी जिना उतरताना त्यांना भिंत धरावी लागली.

"डॉक्टरकडे."

"सकाळीच तर..."

"चल म्हणतो ना."

निवृत्तीराव असं कधी बोलत नसत. केसरबाई गप्प बसल्या आणि त्या गप्प बसल्या याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

दवाखान्याचं शटर खाली होतं. केसरबाईंना रिक्षातच बसवून ते जिना चढले. पाटीसमोर उभे राहिले. घंटीच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबायच्या आधी एकदा काढूनही घेतलं. खालून रिक्षावाल्याचा आवाज आला, "चाचा, जल्दी करो, अम्मा काप रे सो देखो."

त्यांनी घंटी दाबली, आणि बोट उचललंच नाही.

डॉक्टर योगिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांचा उजवा हात भाताने भरलेला होता. "काका? काय झालं? सहाला या ना."

"ती ओळ मी काढली," निवृत्तीराव म्हणाले.

"काय?"

"तुमच्या निळ्या पुस्तकातली. तीन ओळी. मी काढल्या." त्यांनी पिशवीतून जुनं पुस्तक काढून पान उघडलं. डॉक्टरांनी डाव्या हाताने ते धरलं. "ते पुस्तक मी केलंय. पान मोठं होत होतं. डॉक्टरांना मी विचारलं नाही. केसरचं पोट दुखतंय. दोन उलट्या झाल्या. पाय गार आहेत. सकाळपासून लघवी नाही. प्लेटलेट लाखाच्या वर आहेत, पण इथं लिहिलंय, प्लेटलेट कितीही असोत."

एवढं लांब ते कुणाशीच कधी बोलले नव्हते. डॉक्टरांनी पेन्सिलीची चौकट वाचली, मग समासातला शब्द वाचला. वर पाहिलं. त्या आत गेल्या, नळाचा आवाज आला, आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन अनवाणीच जिना उतरल्या.

रिक्षातच त्यांनी केसरबाईंच्या दंडाला पट्टा बांधला. एकदा मोजलं. पट्टा सैल केला, पुन्हा आवळला, पुन्हा मोजलं.

"किती?" निवृत्तीरावांनी विचारलं.

"वरचा नव्वद, खालचा शहात्तर. दोन्ही आकडे जवळ यायलेत." त्यांनी केसरबाईंच्या नखावर दाबून पाहिलं आणि आवाज न चढवता रिक्षावाल्याला सांगितलं, "मलकपेठ हॉस्पिटल चलो भय्या. मैं भी आरी."

रस्ता फार नव्हता, पण मूसी नदीवरच्या पुलाजवळ गाड्या तुंबल्या होत्या. डॉक्टर फोनवर कुणाशी तरी तेलुगूत बोलत होत्या, पलंग तयार ठेवायला सांगत होत्या. केसरबाईंचं डोकं निवृत्तीरावांच्या खांद्यावर होतं. त्या मध्येच काहीतरी पुटपुटायच्या. परभणीच्या त्यांच्या माहेरचं कुणाचं तरी नाव होतं ते. निवृत्तीराव त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले होते. नाडी भराभर पण बारीक लागत होती, आणि कधी कधी लागतच नव्हती. तेव्हा ते बोट जरा इकडेतिकडे सरकवायचे.

फोन ठेवून डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "मला हे माहीत नाही असं नाही काका," त्या म्हणाल्या. "कॉलेजात पाठ होतं. परीक्षेत लिहिलंय मी हे. पण दिवसाला ऐंशी पेशंट असले की माहीत असलेलं समोर येत नाही. पानावर असलं की समोर येतं. म्हणून तर किताब ठेवते."

त्यांनी दोष दिला असता तर निवृत्तीरावांना जरा सोपं गेलं असतं.

मलकपेठच्या त्या रुग्णालयात केसरबाईंना लगेच आत नेलं. दोन्ही हातांना सुया लागल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतंय, रक्त घट्ट झालंय. पुढचे छत्तीस तास बघायचे. अजून तीन-चार तास उशीर झाला असता तर... असं म्हणून ते थांबले. हे वाक्य ते सगळ्यांनाच असं अर्धवट सोडून सांगत असावेत.

संघपाल धावत आला. बापाशेजारी बाकावर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, मी मीटिंगमध्ये होतो." निवृत्तीरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना मुलाला खरं ते सांगायचं होतं, पण त्या दिवशी ते त्यांना जमलं नाही.

दोन दिवस ते त्या बाकावर बसून होते. दर चार तासांनी रक्त घेऊन जायचे आणि रक्त किती घट्ट आहे त्याचा एक आकडा यायचा. आकडा चढला की ते पुन्हा विचारायला जायचे. उतरला तरी विश्वास बसत नसे. आत जायची परवानगी मिळाली की ते काचेतून आधी चादर हलते का ते बघायचे. शेजारच्या पलंगावर एक तरुण बाई होती, तिलाही तेच. ती दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नव्हती. कुठे नेलं, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

तिसऱ्या दिवशी आकडा खाली आला आणि खालीच राहिला. केसरबाईंनी लघवीची पिशवी भरलेली पाहून नाक मुरडलं आणि चहा मागितला. परिचारिकेने नाही म्हटलं, तर त्या तिच्याशी वाद घालत बसल्या. तेव्हा निवृत्तीरावांनी त्यांना सगळं सांगितलं. छापखान्याचा फोन, अर्धा फिरवलेला नंबर, आकडा नसलेल्या ओळी.

केसरबाईंनी ऐकून घेतलं. "म्हंजे तुम्हीच मला मारायला निघालते."

"हो."

"पंचेचाळीस वर्षांत आणखी काय काय काढून टाकलंय माझ्या माघारी?"

ते हसले नाहीत. केसरबाईंनीही मग थट्टा सोडली. त्यांनी विचारलं, "ते पुस्तक आणखी कुणाकुणाकडं हाय?"

निवृत्तीराव त्याच प्रश्नापासून तोंड लपवत होते. शेजारचा पलंग रिकामा झाला तेव्हापासून.

त्याच दुपारी ते गौलीगुड्याला गेले. बसस्थानकामागच्या गल्लीत प्रतापरावांचं दुकान होतं. प्रतापराव गठ्ठ्यांना सुतळी बांधत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"चूक झाली खरी. पण घाबरून कसं चालेल निवृत्तीराव? एक चिठ्ठी छापू. जेवढ्या प्रती शिल्लक आहेत, त्यांत चिकटवू."

"आणि गेल्या त्या?"

"गेल्या त्या गेल्या. एकवीसशे प्रती आहेत. त्यांना काय, घरोघर जाऊन सांगू?"

"फोन करू."

प्रतापरावांनी सुतळीची गाठ अर्धवट सोडली. "तुम्ही? फोनवर स्वतःचं नाव सांगताना तुम्ही अडखळता. आणि काय सांगणार? आमच्या पुस्तकामुळं माणूस मरू शकतो म्हणून? पुन्हा कुणी आपलं पुस्तक हातात धरेल? नामदेवरावांचं नाव आहे त्यावर. ते तरी बघा."

"त्यांनी लिहिलेलं होतं. काढलं मी. तसंच सांगतो. तुम्ही नंबर द्या."

"हौ, आणि उद्या कुणी कोर्टात खेचलं तर?"

निवृत्तीराव तिथून हलले नाहीत, काउंटरची कड धरून नुसते उभे राहिले. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, वही विकत घेऊन गेलं. ते उभेच होते.

"वहिनी कशा आहेत आता?" प्रतापरावांनी शेवटी विचारलं.

"आज चहा मागत होती."

प्रतापरावांनी हात झटकले, आत गेले आणि जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले. "ज्यांनी घरपोच मागवलं त्यांचेच नंबर आहेत. तीनशे बारा. दुकानातून नेलं त्यांचं कुठनं आणू. त्यातले कुणी परत आले तर सांगीन मी." त्यांनी स्टूल पंख्याखाली ओढलं. "बसा."

निवृत्तीरावांनी एका कागदावर काय बोलायचं ते लिहून घेतलं. पहिला फोन कुणी उचलला नाही. दुसरा एका माणसाने उचलला आणि "दवा कंपनीवाले क्या? डॉक्टर साब बिजी है" म्हणून ठेवून दिला. तिसरा नंबर जहीराबादचा होता. डॉक्टर भाग्यलक्ष्मी.

"हलो, बोलिए," बाईंचा घाईचा आवाज आला. मागे कुणीतरी खोकत होतं.

निवृत्तीरावांनी कागद वर धरला, पण अक्षरं दिसेनात. त्यांनी कागद खाली ठेवला. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं, की तुमच्याकडे जे निळं पुस्तक आहे त्यातून डेंग्यूच्या तीन ओळी माझ्या हातून गेल्या. मी डॉक्टर नाही. ताप उतरला म्हणून कुणाला घरी पाठवू नका. पोट दुखत असेल तर पाठवू नका. हातपाय गार असतील तर पाठवू नका. माझ्या बायकोला असंच पाठवलं होतं.

निवृत्तीरावांना वाटलं, आता या रागावतील किंवा ठेवून देतील.

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. फोन टेबलावर ठेवला गेला असावा, कारण बाईंचा आवाज एकदम लांबून यायला लागला. त्या तेलुगूत कुणालातरी विचारत होत्या, ताप उतरला म्हणून आता घरी पाठवली ती मुलगी कुठपर्यंत पोचली असेल, बस सुटली का. एक दार उघडलं. पायऱ्यांवरून कुणीतरी धावत उतरलं. त्यानंतर रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज, आणि त्यांच्यामधून लांब लांब जाणारी एका नावाची हाक.

"काय म्हणतायत?" प्रतापरावांनी विचारलं.

निवृत्तीरावांनी हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली आणि फोन कानाला घट्ट दाबून ते ऐकत राहिले.